नवा पीएस५ घरी आल्यावर: पहिल्या आठवड्यात काय तपासायचं, काय बदलायचं

जोडणीवाला

पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल, भारतात अधिकृतपणे आला २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० आणि डिस्कशिवायचा डिजिटल ३९,९९० रुपयांना. त्याचं पातळ मॉडेल, स्लिम, आलं ५ एप्रिल २०२४ ला, तेव्हा हेच आकडे ५४,९९० आणि ४४,९९० होते. सुरुवातीचा तुटवडा केव्हाच संपला. 'घ्यावा की नाही' यावर धाग्यांचा नुसता पाऊस आहे, पण 'आणला, आता पुढे काय' यावर मराठीत फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा.

मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या आठवड्यात ज्या तक्रारी ऐकू येतात त्यातल्या बहुतेक कन्सोलच्या नसतातच. त्या टीव्हीच्या सेटिंगच्या, विजेच्या नाहीतर स्टोरेजच्या असतात. पेटी तीच, पण एका घरी चित्र झकास आणि दुसऱ्या घरी फिकट.

जागेपासून सुरुवात करू. स्लिम आडवा ठेवला तर रुंदी ३५.८ सेंमी, खोली २१.६ सेंमी, उंची ९.६ सेंमी, वजन ३.२ किलो. गरम हवा मागून बाहेर पडते आणि मागे किमान १० सेंमी मोकळं सोडायचं असतं, म्हणजे टीव्ही युनिटची फळी ३२ सेंमीपेक्षा खोल हवी किंवा मागची प्लाय कापलेली हवी. काचेचं दार लावलेलं कपाट बाद. स्लिमसोबत आडवा ठेवण्यासाठी दोन छोटे पारदर्शक पाय येतात, ते बसवल्याशिवाय तो डुगडुगतो. उभा ठेवायचा तर स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. जुन्या जाड मॉडेलमध्ये स्टँड पेटीतच यायचा.

आता टीव्ही. पेटीतलीच एचडीएमआय केबल वापरा. ती २.१ ची आहे, घरातली जुनी सेट-टॉप बॉक्सची केबल लावू नका. टीव्हीला चार एचडीएमआय पोर्ट असले तरी सगळे सारखे नसतात. ४के १२० हर्ट्झ (४के चित्र, सेकंदाला १२० वेळा) घेणारे बहुधा एक किंवा दोनच असतात आणि त्यांच्याजवळ तसं छापलेलं असतं. त्यानंतरची पायरी हमखास राहून जाते, ती म्हणजे टीव्हीमध्ये त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू करणं. सोनी टीव्हीत हे 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' खाली 'एन्हान्स्ड' नावाने असतं, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर'. हे बंद असेल तर कन्सोल एचडीआर (जास्त उजळ, जास्त खुललेल्या रंगांचं चित्र) दाखवणारच नाही, आणि आपण मात्र केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडत बसतो.

खात्री करायला कन्सोलवर सेटिंग्ज > स्क्रीन अँड व्हिडिओ > व्हिडिओ आउटपुट > व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. सध्या काय जातंय आणि टीव्ही काय काय घेऊ शकतो, दोन्ही तिथे लिहिलेलं दिसतं.

---

तिसरा_मजला

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. आमच्याकडे ४३ इंची ४के टीव्ही आहे, ६० हर्ट्झचा. खोक्यावर एचडीआर लिहिलंय. पण पीएस५ लावल्यापासून सगळं अंधारं, मळकट दिसतं. एचडीआर बंद केलं की छान. मग एचडीआरचा उपयोग काय?

---

जोडणीवाला

@तिसरा_मजला, स्वस्त टीव्हीच्या खोक्यावरचं 'एचडीआर' म्हणजे तो सिग्नल घेतो, एवढंच. तो दाखवायला लागणारी उजेडाची ताकद पॅनलमध्ये असेलच असं नाही. तरी हात टेकण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिलं, कन्सोलवर एचडीआर 'ऑलवेज ऑन' असेल तर 'ऑन व्हेन सपोर्टेड' करा. नाहीतर होम स्क्रीन आणि एचडीआर नसलेले जुने गेमसुद्धा ओढूनताणून एचडीआरमध्ये दाखवले जातात आणि फिकट पडतात.

दुसरं, टीव्ही गेम मोडमध्ये टाकून बॅकलाइट पूर्ण वाढवा. वीज वाचवणारा 'इको' मोड आणि खोलीतला उजेड बघून आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस, दोन्ही बंद. बरेच टीव्ही प्रत्येक पोर्टसाठी आणि एचडीआरसाठी वेगळी सेटिंग ठेवतात, त्यामुळे केबलच्या चॅनेलवर केलेली सेटिंग इथे लागू होत नाही. कन्सोल चालू असताना, एचडीआर चित्र समोर असतानाच बदल करा.

तिसरं, 'ॲडजस्ट एचडीआर'. यात तीन पडदे येतात. पहिल्या दोनांत सूर्याचं चिन्ह जेमतेम दिसेनासं होईपर्यंतच वाढवायचं. इथे जोशात पुढे गेलात तर टीव्हीच्या आवाक्याबाहेरचा उजेड पाठवला जातो आणि ढग, दिवे, बर्फ सगळं सपाट पांढरं होतं. तिसऱ्या पडद्यावर काळेपणा ठरतो, तो बहुधा सगळ्यात खाली ठेवलेला बरा. टीव्हीत एचजीआयजी नावाचा पर्याय असेल तर हे सगळं करण्याआधी तो निवडा.

एवढं करूनही मळकटच दिसलं तर एचडीआर बिनधास्त बंद ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

---

फ्रेममोजे

गेम मोडबद्दल थोडी भर. चित्र गुळगुळीत करणारं टीव्हीचं मोशन सेटिंग चालू असलं की टीव्ही पुढची फ्रेम येईपर्यंत थांबतो आणि मधली स्वतः बनवतो. सिनेमाला ते चालतं, गेममध्ये बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. 'कंट्रोलर स्लो आहे' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच.

आणि ६० हर्ट्झच्या टीव्हीवाल्यांनी पहिल्याच दिवशी सेटिंग्ज > सेव्ह्ड डेटा अँड गेम/ॲप सेटिंग्ज > गेम प्रीसेट्समध्ये जाऊन 'परफॉर्मन्स मोड' निवडावा. तिथे निवडलेलं, गेमने साथ दिली तर, प्रत्येक नव्या गेमला आपोआप लागतं. ३० फ्रेममध्ये एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० मध्ये १६.७. हा फरक कुणालाही दिसतो. ४३ इंचावर आठ फुटांवरून रेझोल्यूशनमधला फरक मात्र दिसेलच असं नाही.

काही गेममध्ये ४० फ्रेमचा मधला पर्याय असतो, त्याला १२० हर्ट्झचा टीव्ही लागतो. कारण सरळ आहे: १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही.

---

नागपुरी_कुलर

भाऊ, टीव्हीचं झालं, आता आमच्याकडचं बोला. मे महिन्यात खोलीत ३८-४० डिग्री असते. कन्सोल टिकते का?

---

पेचकस_पुराण

सोनीने वापरासाठी दिलेली मर्यादा ५ ते ३५ अंशांची आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी विदर्भात एसीशिवाय जड गेम चालवणं हे मर्यादेबाहेरचंच. कन्सोल लगेच मरत नाही. आधी पंखा जोरात फिरतो, मग पडद्यावर गरम झाल्याची सूचना येते, मग तो स्वतःच बंद होतो. ही सूचना आली की 'अजून पाच मिनिटं' करू नका. बंद करा आणि पूर्ण निवू द्या.

कुलर असेल तर त्याचा झोत कन्सोलवर येऊ देऊ नका. हवा गार असली तरी ओली असते आणि सोबत धूळ आणते. ओलावा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर जो थर बसतो तो नुसत्या फुंकरीने निघत नाही. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा खेळणं हा फुकटातला उपाय.

कोकण आणि गोव्याकडच्या मंडळींसाठी: पावसाळ्यात वापर नसेल तेव्हाही आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतला ओलावा उडतो. चालू असताना किंवा नुकता बंद केल्यावर कापड वा प्लास्टिक टाकू नका. एसीच्या खोलीतून दमट खोलीत हलवला तर लगेच चालू करू नका, आत दव धरतं. आणि झुरळं! ऊब आणि अंधार दोन्ही मिळत असल्याने कन्सोल म्हणजे त्यांना फुल फर्निश्ड फ्लॅट. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवू नका, जेल लावून ठेवा.

जुन्या जाड मॉडेलला बाजूचं आवरण काढल्यावर धूळ साठवणारी दोन भोकं दिसतात. प्लग काढून व्हॅक्यूम क्लीनरने तिथली धूळ ओढून घ्या. ब्लोअरने आत फुंकू नका, धूळ आणखी खोल जाते. त्यापुढे मात्र उघडू नका. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीजवाहक असतो, सांडला तर बोर्ड गेला.

---

लोडशेडिंगग्रस्त

ग्रामीण भागात वीज केव्हाही जाते. घरात इन्व्हर्टर आहे, पण वीज गेली की टीव्ही चालू राहतो आणि कन्सोल मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. वर 'नीट बंद केला नव्हता' म्हणून दटावतो. काय करावं?

---

पेचकस_पुराण

तुमच्या इन्व्हर्टरवर, बहुधा मागच्या बाजूला, एक छोटा खटका असेल: 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंखा-दिव्याला ते कळत नाही, पण कन्सोलचा पॉवर सप्लाय तेवढा वेळ दम धरत नाही. यूपीएस मोडमध्ये हा बदल साधारण १० मिलिसेकंदांच्या आसपास होतो, तेवढा त्याला चालतो. एक तोटा आहे: या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी-जास्त व्होल्टेज सहन करत नाही, ते साधारण १८० च्या खाली गेलं की वीज असूनही बॅटरीवर जातो. जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे बॅटरी लवकर उतरेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर कन्सोल लावू नका.

इन्व्हर्टर नसेल तर संगणकाचा यूपीएस. जड गेममध्ये कन्सोल २०० वॅटच्या आसपास घेतो, ४३ इंची टीव्ही ८० ते १००. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट, म्हणजे दोन्ही त्यात जेमतेम मावतात. आतली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअरतासांची असते. पाच-सात मिनिटं धरा. खेळत बसण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. थोडा हात सैल करून १००० व्हीए घ्या आणि राउटरही त्यावरच टाका.

रेस्ट मोडबद्दल (कन्सोल पूर्ण बंद न करता झोपवणं) माझं मत: जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे तो वापरूच नये. दिवा नारिंगी असताना कन्सोल झोपलेला दिसतो, पण आत डाउनलोड आणि लिहिणं चालू असू शकतं. त्याच वेळी वीज गेली तर डेटाबेस खराब होऊ शकतो.

---

फ्रेममोजे

@पेचकस_पुराण, शहरातल्यांना हा सल्ला जाचक आहे. रेस्ट मोडमध्ये रात्रीत अपडेट उतरतात, कंट्रोलर चार्ज होतो, गेम जिथे सोडला तिथून सुरू होतो. मागे यूपीएस असेल तर खुशाल वापरा. सेटिंग्ज > सिस्टिम > पॉवर सेव्हिंगमध्ये 'स्टे कनेक्टेड टू इंटरनेट' आणि यूएसबीला वीज देणं हे दोन पर्याय वेगवेगळे चालू-बंद होतात. यूएसबीला तीन तासांपुरतीच वीज द्यायचाही पर्याय आहे, कंट्रोलरला तेवढी पुरते.

---

पेचकस_पुराण

यूपीएस असेल तर माझी हरकत नाही. नसेल तर आहे.

आणि तो दटावणीचा संदेश पुन्हा पुन्हा येऊ लागला, किंवा गेम मध्येच अडकू लागले तर सेफ मोड, म्हणजे कन्सोल दुरुस्तीपुरता सुरू करणं. कन्सोल पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबून धरा, एक बीप लगेच येईल, दुसरी साधारण सात सेकंदांनी. मग सोडा. कंट्रोलर केबलनेच जोडावा लागतो, सेफ मोडमध्ये ब्लूटूथ चालत नाही. यादीतून 'क्लिअर कॅशे अँड रीबिल्ड डेटाबेस' आणि मग 'रीबिल्ड डेटाबेस' निवडा. यात गेम किंवा सेव्ह जात नाहीत. त्याच यादीत रीसेटचे पर्याय आहेत, ते सगळं पुसतात, तिथे बोट घसरू देऊ नका.

---

बटाटेवडा_एक्स्ट्रा_चटणी

स्टोरेजवर कुणीच बोललं नाही अजून. १ टीबी म्हणून घेतला आणि आत ८४० जीबीच्या आसपास दिसते. चार-पाच गेममध्ये फुल्ल. बाहेरून हार्डडिस्क लावली तर चालेल का?

---

जोडणीवाला

जुन्या मॉडेलमध्ये तर ८२५ जीबीपैकी ६६७ जीबीच हाती यायचे, त्यामानाने स्लिममध्ये बरं आहे.

बाहेरची डिस्क चालते, पण अट नीट समजून घ्या. तिच्यावरून पीएस४ चे गेम थेट खेळता येतात. पीएस५ चे गेम तिच्यावर फक्त *ठेवता* येतात, खेळायच्या वेळी आत आणावे लागतात. तरी नेटवरून पुन्हा १०० जीबी उतरवण्यापेक्षा ते परवडतं. डिस्क २५० जीबी ते ८ टीबीमधली हवी आणि थेट कन्सोलला लावा, यूएसबी हबमधून ओळखली जात नाही.

खरं समाधान एम.२ एसएसडीचं, म्हणजे आत बसवायच्या पट्टीसारख्या वेगवान स्टोरेजचं. विकत घेताना हे बघा: एनव्हीएमई, जेन४, वाचनवेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त. २५० जीबी ते ८ टीबी चालते. साटावाली एम.२ दिसायला तशीच असते पण चालत नाही, लॅपटॉपमधून काढलेली जुनी पट्टी लावण्याआधी हे तपासा. हीटसिंक हवाच, आणि हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिमीपेक्षा जास्त नको. संगणकाच्या मदरबोर्डसाठीचे उंच हीटसिंक इथे मावत नाहीत.

बसवण्याचा क्रम: सिस्टिम सॉफ्टवेअर आधी अद्ययावत करा. कन्सोल पूर्ण बंद, सगळ्या केबल काढा, निवू द्या. कुठलं आवरण काढायचं ते सोनीच्या मदत-पानावर मॉडेल क्रमांकाप्रमाणे दिलंय, त्याप्रमाणे काढा. आत धातूची लांबट झाकणी, तिचा एक फुलीचा स्क्रू. खाली आणखी एक छोटा स्क्रू आणि त्याखाली नळीसारखा स्पेसर. बाजारातल्या बहुतेक एसएसडी २२८० मापाच्या असतात, म्हणून स्पेसर ८० लिहिलेल्या भोकावर न्या. तो इवलासा असतो, गादीवर पडला तर शोधत बसाल, म्हणून टेबलावर पांढरा रुमाल अंथरून काम करा. एसएसडी तिरकी धरून खाच जुळवत सरकवा, सोनेरी पट्टी दिसेनाशी झाली की खाली दाबून स्क्रू लावा. हाताला अडेल एवढाच, जोर नको. झाकणी परत लावायला विसरू नका.

चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला सांगतो आणि वाचनवेग मोजून दाखवतो. काहीच विचारलं नाही, तर दहातल्या नऊ वेळा एसएसडी शेवटपर्यंत सरकलेली नसते.

जागा खाणारी आणखी एक गोष्ट: प्रत्येक ट्रॉफीला (गेममधल्या कामगिरीचं बक्षीस) कन्सोल व्हिडिओ साठवतो. सेटिंग्ज > कॅप्चर्स अँड ब्रॉडकास्ट्समध्ये जाऊन बंद करा.

---

दुबईस्थित

इकडून भारतात नेणाऱ्यांसाठी: विजेची अडचण येत नाही, तरी मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचून घ्या. केबल साधी दोन पिनांची, आठच्या आकड्यासारख्या तोंडाची असते, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. वॉरंटी मात्र ज्या देशातला माल त्या देशाची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळणाऱ्या आयात पेट्यांनाही हेच लागू.

गेमच्या डिस्कला देशाचं बंधन नाही. पण त्या डिस्कचं जादा कंटेंट त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावं लागतं. खात्याचा देश एकदा निवडला की बदलत नाही, तेव्हा खातं उघडताना विचार करा. सिनेमाच्या ब्लू-रेला प्रदेश लागतो, भारताचा सी. आणि गाण्यांच्या ऑडिओ सीडी पीएस५ वाजवत नाही, जुना संग्रह काढून बसू नका.

---

तिसरा_मजला

एचडीआर 'ऑन व्हेन सपोर्टेड' केलं, टीव्हीचा इको मोड बंद केला. मळकटपणा गेला, धन्यवाद!

आता पुढचे दोन प्रश्न. ब्लूटूथ हेडफोन जोडला जात नाही. आणि मित्रांशी पार्टी चॅटमध्ये आवाज येत नाही, इंटरनेट तपासणीत 'नॅट टाइप ३' दिसतं.

---

फ्रेममोजे

हेडफोन: पीएस५ ब्लूटूथवरून आवाज देतच नाही, कुठल्याही कंपनीचा हेडफोन असो. यूएसबी डोंगलवाला घ्या किंवा साधा ३.५ मिमीचा कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावा. जाता जाता, पीएस५ ला ऑप्टिकल आउटही नाही. जुनं होम थिएटर असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकलमधून घ्या.

नॅट टाइप म्हणजे तुमचं कनेक्शन बाहेरच्या खेळाडूंसाठी किती खुलं आहे ते, ३ म्हणजे सगळ्यात बंदिस्त. राउटरमध्ये यूपीएनपी (लागणारे मार्ग आपोआप उघडणारं सेटिंग) चालू करा आणि तपासणी पुन्हा करा. तरी ३ च राहिलं तर बहुधा तुमचा सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतोय. मग स्टॅटिक आयपी मागणं एवढाच खात्रीचा मार्ग, त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. डीएनएस बदलून नॅट सुधारतं हा सल्ला सगळीकडे फिरतो, त्याचा इथे काही संबंध नाही. डाउनलोड संथ असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर आहे का बघा, शक्य तर लॅन केबल. हिशेबासाठी: १०० एमबीपीएसवर १०० जीबीला कागदावर सव्वादोन तास, प्रत्यक्षात अडीच-तीन.

---

लोडशेडिंगग्रस्त

खटका नॉर्मलवरच होता! यूपीएसवर केला, दोनदा मेन स्विच पाडून बघितलं, कन्सोल ढिम्म हलला नाही. 🙏

एक शेवटचं. नेट गेलं की विकत घेतलेल्या डिजिटल गेमवर कुलूप दिसतं. पैसे भरलेत की हो.

---

जोडणीवाला

सेटिंग्ज > युजर्स अँड अकाउंट्स > अदर > कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले, तिथे 'एनेबल' करा. हे एका खात्याला एकाच पीएस५ वर चालू ठेवता येतं. चालू असलं की नेटशिवाय गेम उघडतात, आणि त्याच कन्सोलवरच्या घरातल्या इतर खात्यांनाही ते खेळता येतात. जुना कन्सोल विकला असेल आणि तिथे हे चालूच राहिलं असेल, तर नव्यावर चालू केल्यावर जुन्यावरचं आपोआप बंद होतं.

नेट असतानाच करून ठेवा, गेल्यावर करता येत नाही.